एडिंबरा आणि लेक डिस्ट्रिक्ट: तोफ वाजली की भेटायचं

सातारकरीण | ६ जुलै, २१:४०

गेल्या दिवाळीत मी इथेच विचारलं होतं, आठवत असेल. आम्ही दोघंच, मी पंचावन्न, नवरा साठ. बसमध्ये बसून बारा दिवसांत आठ शहरं उरकायची नाहीत, तर कुठे जावं? चौघांनी चार देश सांगितले आणि पाचव्याने "आधी गुडघे तपासा" असा सल्ला दिला. शेवटी दोनच मुक्काम ठरवले: पाच रात्री स्कॉटलंडमधलं एडिंबरा, सहा रात्री इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या भागातलं केझिक. (लिहिताना मध्ये डब्ल्यू असतो, म्हणताना नसतो. मी पहिल्या दिवशी बसच्या ड्रायव्हरला "केसविक" म्हटलं, त्याने गोड हसून दुरुस्त केलं.) आणि हो, नातेवाइकांसाठी जाहीर करते, लंडन पाहिलं नाही. त्याचं दुःखही नाही.

आमची अडचण जुनी आहे. नवरा संग्रहालयात शिरला की प्रत्येक पाटी वाचतो. दाराशी "ओढा" लिहिलं असेल तर तेही वाचतो. मला तासाभराने पाय मोकळे करावेसे वाटतात. तीस वर्षं एकाने कंटाळायचं आणि दुसऱ्याने घाई करायची, असंच चाललंय. अजिंठ्यात आमचं भांडण झालं होतं, हे भाऊबंदांत प्रसिद्ध आहे.

एडिंबऱ्यात त्यावर तोड सापडली. तिथे किल्ल्यावरून दुपारी एक वाजता तोफ उडते, १८६१ पासून. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून ही सोय. त्याआधी, १८५२ पासून, कॅल्टन हिलवर नेल्सन स्मारकाच्या माथ्यावरचा एक मोठा गोळा बरोबर एकला खाली सोडत. पण धुकं आलं की गोळा दिसणार कसा? म्हणून मग आवाज. बाराऐवजी एक का, तर स्कॉटिश माणूस काटकसरी, बाराला बारा बार उडवावे लागले असते, असं तिथलेच लोक हसत सांगतात.

तर आमचा करार असा: सकाळी नाश्ता करून आपापल्या वाटेने जायचं आणि तोफ वाजली की लेखक वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाखाली भेटायचं. फोनचं सिम फक्त माझ्याकडे, नवऱ्याकडे नुसतं वाय-फाय. म्हणजे "कुठे आहेस" हा प्रश्नच बाद.

पहिल्या दिवशी किल्ला मात्र दोघांनी मिळून पाहिला. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या दगडी बुचावर तो बसलाय. आत बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं इवलंसं चॅपल आहे, आपल्या देवघराला मोठा भाऊ शोभेल एवढं. बाहेर 'मॉन्स मेग' नावाची १४४९ सालची तोफ. तिच्या तोंडात नवऱ्याने डोकं घालायचंच बाकी ठेवलं. "कलालबांगडी लांबीला जास्त," एवढा निकाल देऊन तो पुढे सरकला. जंजिऱ्याचा अभिमान कुठेही जागा होतो.

उरलेलं उद्या. भाजी फोडणीला टाकायचीय.

टिवल्याबावल्या | ६ जुलै, २२:०५

फोटोशिवाय प्रवासाचा धागा? तीव्र णिषेध! बाकी पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सह्यभटक्या | ६ जुलै, २२:३१

एक शंका, राग मानू नका. एवढे पैसे घालून डोंगरच बघायचे होते, तर आपला सह्याद्री काय वाईट आहे? मी गूगलवर पाहिलं, एडिंबऱ्याचा तो प्रसिद्ध डोंगर २५१ मीटरचा आहे म्हणे. आम्ही एवढं चहाला जाण्याआधी चढतो.

मँचेस्टरची माई | ७ जुलै, ०१:१२

सह्यभटक्या, इथे येऊन चढा, मग बोलू. समुद्रसपाटीवरून सुरुवात असते आणि वारा माणसाला आडवा करतो.

सातारकरीण, ट्रेनसाठी 'टू टुगेदर' रेलकार्ड काढलं होतंत ना? दोघांच्या नावाचं एकच कार्ड, तिकिटावर एक तृतीयांश सूट. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. परदेशातून आलेल्यांनाही काढता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सातारकरीण | ७ जुलै, २०:५०

माई, काढलं होतं. त्यातली गंमत ही की दोघं एकत्र प्रवास करत असाल तरच सूट. म्हणजे रुसून वेगळ्या गाडीने जायची सोय नाही.

सह्यभटक्या, राग कसला. त्या २५१ मीटरच्या डोंगराचं नाव आर्थर सीट. आम्ही साताऱ्याचे! महाबळेश्वरला पाहुणे आले की त्यांना आर्थर सीटला नेण्यात आमची निम्मी हयात गेली. मी शनिवारी पहाटे एकटीच निघाले. पहाट म्हणजे काय, जूनमध्ये तिथे साडेचारला सूर्य उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. पडदे जाड नसतील तर झोपेचं खोबरं. होलीरूडच्या राजवाड्यापासून गवतातली वाट धरली. वर पोचले तेव्हा वारा असा की ओढणी सांभाळू का स्वतःला, अशी गत. एका बाजूला फोर्थची खाडी, दुसरीकडे सबंध शहर, मध्ये किल्ला. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली सावित्रीचं खोरं दिसतं आणि पोटात गोळा येतो. इथे तसं काही होत नाही, इथे आपण शहराच्या गच्चीवर आलोय असं वाटतं.

नवरा त्या वेळी राष्ट्रीय संग्रहालयात. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे त्याला दुप्पट आनंद. तिथे डॉली आहे, १९९६ साली जन्मलेली क्लोन केलेली मेंढी, पेंढा भरून काचेत उभी. त्याने तिच्यावरची पाटी मला भेटल्यावर तोंडपाठ म्हणून दाखवली.

आता खरी कथा. शुक्रवार, शनिवार तोफेचा करार झकास चालला. रविवारी मी वॉटर ऑफ लीथ या छोट्या नदीच्या काठाकाठाने डीन व्हिलेज ते स्टॉकब्रिज चालले. शहराच्या पोटात एवढी हिरवी, शांत वाट, जुन्या पाणचक्क्यांचं गाव, डोक्यावर उंच पूल. साडेबाराला परत फिरले, एकला स्कॉट स्मारकाखाली हजर. तोफ नाही वाजली. मला वाटलं, ट्रामच्या आवाजात चुकली असेल. दीड झाला. दोन झाले. बागेतल्या बाकावर बसून मी दोन सँडविचं (त्यातलं एक त्याचं) संपवली. अडीचला मी संग्रहालयात गेले, तर महाशय दुसऱ्या मजल्यावर वाफेच्या इंजिनापाशी. म्हणाले, "अजून तोफ कुठे वाजलीय?"

रविवारी तोफ वाजत नाही. नाताळला आणि गुड फ्रायडेलाही नाही. ही पाटी किल्ल्यात होती. सगळ्या पाट्या वाचणाऱ्या माणसाने नेमकी तीच वाचली नव्हती.

टिवल्याबावल्या | ७ जुलै, २१:०२

मेलो. तुमचा प्रवास वाचून जळजळ होईल म्हणून इनोचं पाकीट बाजूला ठेवलं होतं, आता लागणार नाही.

बखरकार | ७ जुलै, २२:४४

अवांतर आहे, पण राहवत नाही. दोन्ही आर्थर वेगळे. महाबळेश्वरचं आर्थर सीट तिथे राहिलेल्या आर्थर मॅलेटच्या नावाचं, एडिंबऱ्याच्या नावाचा संबंध किंग आर्थरच्या दंतकथेशी जोडतात. पण साताऱ्याच्या माणसाला स्कॉटलंड तसं परकं नाहीच. १८१८ नंतर साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून बसला तो जेम्स ग्रँट डफ, उत्तर स्कॉटलंडातल्या बॅन्फचा. मराठ्यांचा तो तीन खंडी इतिहास त्याने मायदेशी परतून १८२६ साली छापला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. महाबळेश्वरची बाजारपेठ ज्याच्या नावाने मालकम पेठ, तो जॉन माल्कम स्कॉटिश. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही तिकडचेच, १८२९ साली मुंबईत आले. धुकं, पाऊस आणि थंडी पाहून या मंडळींना महाबळेश्वर का आवडलं असेल, हे तुमच्या धाग्यावरून कळलं.

सह्यभटक्या | ७ जुलै, २३:१०

बखरकार, हे छान. आणि मी थोडं वाचलं. एडिंबऱ्याचा तो डोंगर सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे उंचीत आम्ही मोठे, वयात ते. शब्द मागे घेतो, अर्धे.

देवगडी | ८ जुलै, ०९:२०

खाण्याचं सांगा की! बायको शाकाहारी, मी नाही. दोघांचं जमतं का तिथे?

सातारकरीण | ८ जुलै, २१:१५

देवगडी, सहज जमतं. एडिंबऱ्यात हॅगिस म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं ओट घालून केलेलं मसालेदार प्रकरण. नवऱ्याने खाल्लं, म्हणाला, "वजडीच्या जवळ जातं." त्याचाच डाळी आणि ओटचा शाकाहारी अवतार जवळपास सगळीकडे मिळतो. मला तो मांसाहारीपेक्षाही बरा लागला, अर्थात मी दुसरा खाल्लाच नाही. केझिकला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, त्यामुळे सकाळी पोहे, रात्री खिचडी. चालून आल्यावर मुगाच्या खिचडीला जी चव येते, ती साताऱ्यात येत नाही. एकच सूचना: जाताना पेढे, खवा, तूप बॅगेत नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. आमच्या जाऊबाईंनी दिलेले कंदी पेढे विमानतळावरच, निघताना, आम्ही रांगेतल्या अनोळखी लोकांना वाटले. लग्नकार्य असल्यासारखं वाटलं.

आता केझिक. एडिंबऱ्याहून ट्रेनने पेनरिथ, साधारण पावणेदोन तास, तिथून एक्स-५ बस. केझिकला रेल्वे होती, १९७२ साली बंद पडली. इंग्लंडात तेव्हा बसच्या एका फेरीला ३ पौंडांच्या वर भाडं घेत नव्हते, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायचा विचार सोडून दिला. अरुंद रस्ते, दोन्हीकडे दगडी भिंती. नवरा गाडी चालवत असता तर मी भिंतीच मोजल्या असत्या.

या भिंतींबद्दल सांगायलाच हवं. ना चुना, ना सिमेंट. दगडावर दगड रचून डोंगरमाथ्यापर्यंत नेलेल्या.

देवगडी | ८ जुलै, २१:३३

गडगो! आमच्याकडे प्रत्येक आगराक असता.

सातारकरीण | ८ जुलै, २२:०१

हो, गडगाच. आणि त्या गडग्यांतून वाटा जातात. हेच मला सगळ्यात नवल वाटलं. खाजगी शेत, शेतात मेंढ्या, शेतकऱ्याचं अंगण, आणि त्याच्या मधून जाणारी वाट सगळ्यांची. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायी चालणाऱ्यांची वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही चालतात. शेत विकलं गेलं तरी वाट विकली जात नाही. कुंपण आडवं आलं तर त्यावर चढायला लाकडी पायरी किंवा एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक. आपल्या पाणंदीसारखंच की हे! फरक एवढाच, की आमच्या गावची पाणंद दोघा भावांनी नांगरून अर्धी केली आणि आता खटला चालू आहे. नवरा तर पहिले दोन दिवस प्रत्येक अंगणातून जाताना खाकरायचा, मालकाला कळावं म्हणून. एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून हात केला, तेव्हा कुठे त्याचा जीव खाली पडला.

आणि इथे तोफ नव्हती. डोंगरात वेगळं फिरायचं नाही, हे मी निघतानाच बजावलं होतं.

मँचेस्टरची माई | ८ जुलै, २३:५०

छान लिहिताय. एक भर: ही पिवळ्या बाणांची पद्धत इंग्लंड-वेल्सची. स्कॉटलंडात २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने त्याहून मोठी मोकळीक दिलीय. जबाबदारीने वागलात तर बहुतेक मोकळ्या जमिनीवरून कुठूनही चालता येतं, वाट आखलेली असो वा नसो.

आणि कृपया कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा खात्याचा ओएल-४, त्यावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाटा. फोनची रेंज दऱ्यांत जाते. दरवर्षी कुणीतरी चपला घालून वर जातं आणि मग स्वयंसेवकांना रात्री शोधायला जावं लागतं. ते पगारी नसतात, आपल्या लोणावळ्या-खोपोलीच्या पोरांसारखेच.

गुडघेदुखी | ९ जुलै, ०७:४५

मीच तो "आधी गुडघे तपासा" वाला. खरं सांगा, चढ झेपले का? आम्ही दोघंही बासष्टचे, बायकोचा डावा गुडघा बोलतो.

सातारकरीण | ९ जुलै, २१:२०

दादा, तुमचा सल्ला ऐकला होता, दोन काठ्या घेऊन गेलो. तुमच्यासाठी दोन सपाट वाटा आहेत. केझिक ते थ्रेलकेल्ड, जुन्या रेल्वेमार्गावरून, अंदाजे पाच किलोमीटर, नदीवरचे पूल ओलांडत. २०१५ च्या पुरात दोन पूल वाहून गेले होते, २०२० साली वाट पुन्हा खुली झाली. दुसरी डरवेंटवॉटर तळ्याच्या काठाने. दमलात तर धक्क्यावर उभं राहायचं, फेरी मारणारी लाँच येते.

कॅसलरिग या प्राचीन शिळावर्तुळाकडे थोडा चढ आहे, पण जाच. अडतीस शिळा, साडेचार-पाच हजार वर्षांच्या, चारही बाजूंनी डोंगर, आणि मध्ये मेंढ्या चरताहेत. ना तिकीट, ना कुंपणाची जाळी. या करड्या मेंढ्यांना हर्डविक म्हणतात. कोकरं काळी जन्मतात, वाढतात तशी उजळतात. आपला डोंगर कुठवर, हे कोकराला आई शिकवते, म्हणून वर कुंपणं लागत नाहीत. आमच्या माणदेशातल्या धनगरांना हे सांगितलं, तर ते म्हणतील यात नवल काय.

झेपण्याची खरी परीक्षा कॅटबेल्स, ४५१ मीटर. लाँचने हॉज एंडला उतरून चढलो. दोन ठिकाणी हात लावून चढावं लागतं, बसून-सरकून जमलं. वर मात्र तळं, बेटं, पलीकडे स्किडॉ डोंगर. नवरा तिथे पाटी नाही म्हणून बेचैन! मग नकाशा उघडून एकेका शिखराचं नाव तोच मला वाचून दाखवत बसला. पहिल्यांदाच वाटलं, वाचू दे. ऊन होतं, थर्मासात चहा होता.

या वाचण्यात शेवटची लाँच चुकली. आम्ही धक्क्याच्या वर झाडीत होतो आणि ती समोरून गेली. मग पोर्टिनस्केलमार्गे केझिकपर्यंत पायपीट, पाचेक किलोमीटर. उजेड दहापर्यंत असल्याने भीती नव्हती, पण मी मुद्दाम एक अक्षर बोलले नाही. गावाच्या वेशीवर तो म्हणाला, "आज तोफ माझी चुकली." मग काय बोलणार.

पाऊस? सहापैकी तीन दिवस. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडातलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. नवऱ्याने ते वाचून चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आपल्याकडे साडेपाच हजार." महाबळेश्वरचा पाऊस हा त्याचा वैयक्तिक पराक्रम आहे. पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला बारा महिने सर्दीसारखा टिकतो. अशा एका दिवशी पेन्सिलीचं संग्रहालय पाहिलं. याच खोऱ्यात शुद्ध ग्राफाइट सापडलं म्हणून पेन्सिल इथली. मी तासाभरात बाहेर, नवरा अडीच तास. त्या दिवशी मी खुशाल कॅफेत बसून स्कोन खाल्ला.

अबोली | ९ जुलै, २२:१०

वर्ड्सवर्थचं घर पाहिलंत की नाही? कॉलेजात डॅफोडिल्स पाठ केली होती, फूल आजतागायत पाहिलं नाही.

सातारकरीण | ९ जुलै, २२:४८

पाहिलं. जूनमध्ये डॅफोडिल्स नव्हती, तीच रड. ५५५ नंबरच्या बसने ग्रासमिअरला गेलो. डव्ह कॉटेजमध्ये तो १७९९ ते १८०८ राहिला. कवितेत तो एकटाच भटकतो, पण ती फुलं पाहिली तेव्हा बहीण डोरोथी बरोबर होती, अल्सवॉटर तळ्याच्या काठी, १५ एप्रिल १८०२. तिने रोजनिशीत आधी लिहिलं, याने कविता दोन वर्षांनी. आणि एकांतात ती फुलं मनःचक्षूंपुढे झळकतात, त्या दोन ओळी बायकोने, मेरीने सुचवलेल्या. सगळ्यांत चांगल्या ओळी त्याच, असं खुद्द तोच म्हणून गेला. ही माहिती मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.

तिथून रायडलकडे डोंगराच्या कडेकडेने जुनी वाट जाते. रायडल-अँबलसाइडची प्रेतं पूर्वी या वाटेने ग्रासमिअरच्या चर्चमध्ये दफनाला आणत. खांदेकऱ्यांना शवपेटी टेकवायला दगड आहेत, आपल्या विसाव्यासारखेच. एका दगडावर आम्ही डबा खाल्ला आणि मग तो कसला दगड ते कळलं. पराठे संपले होते, आता काय करता!

तोफखाना | १० जुलै, १९:३०
(सभासद झाल्याला २ तास)

सदर धाग्यातील नवरा मीच. काही खुलासे आवश्यक आहेत.
एक, रविवारची पाटी किल्ल्यात होती, परंतु तिच्यासमोर एक जपानी कुटुंब फोटो काढत होते.
दोन, अजिंठ्यात भांडण झाले नव्हते, मतभेद झाले होते.
तीन, कॅटबेल्सवर थर्मास मी वाहिला होता. तो उल्लेख राहिला.
चार, दोन्ही सँडविच खाल्ल्याची कबुली मला आज प्रथमच मिळाली. तेव्हा "दुकान बंद होते" असे सांगण्यात आले होते.

टिवल्याबावल्या | १० जुलै, १९:४१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सँडविच प्रकरणी चौकशी समिती नेमा.

गुडघेदुखी | १० जुलै, १९:५५

तोफखानासाहेब, स्वागत. त्या काठ्या घडीच्या होत्या का? विमानात कशा नेल्या?

तोफखाना | १० जुलै, २०:०८

घडीच्या. चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या सामानात अडवू शकतात. उतारावर काठी थोडी लांब करा, चढावर आखूड. रबरी टोप्या डांबरी रस्त्यावर लावा, मातीत काढून ठेवा, नाहीतर एक हरवते, माझी हरवली. शिवाय बुटांबद्दल सविस्तर सांगायचे तर

सातारकरीण | १० जुलै, २०:११

अहो, पानं वाढलीयत. तोफ झाली असं समजा.